रविवार ते हब्दाला: बेने इस्रायल घरात पाराशा आणि शब्बाथचा आठवडा कसा लावायचा

आपल्या बेने इस्रायल म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातली बरीच तरुण जोडपी, खास करून ठाणे, पनवेल, पुण्यात नव्याने संसार मांडलेली, एकच प्रश्न विचारतात की आम्हाला घरी शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस, पाळायचाय पण सुरुवात कुठून करू. आणि बहुतेक जण सुरुवात करतात ती शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता, ऑफिसमधून धापा टाकत येऊन, मग दिव्याची वेळ टळलेली असते, जेवण अर्धवट, मुलं मोबाईलवर, आणि दोन-तीन आठवड्यात सगळं बंद पडतं. माझं स्पष्ट मत आहे की शब्बाथ शुक्रवारी सुरू करायला गेलात तर तो टिकत नाही, त्याची तयारी रविवारी सुरू व्हायला लागते, आणि ती तयारी स्वयंपाकाची कमी आणि पाराशाची, म्हणजे तोरा या आपल्या धर्मग्रंथातल्या त्या आठवड्याच्या भागाची, जास्त. म्हणून हा लेख रविवारपासून सुरू होतो आणि शनिवारी रात्री हब्दालाला, म्हणजे शब्बाथच्या निरोपाला, संपतो.

घरात कोणी धार्मिक नाही, हिब्रू येत नाही, जवळ सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) नाही, मग कसं जमणार असं वाटत असेल तर आपल्याच पूर्वजांकडे बघा. परंपरेप्रमाणे अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली, त्यांच्याकडे ना पुस्तकं राहिली ना शिकवणारा कोणी. तरी कोकणात गावोगाव तेलाचा घाणा चालवत शनिवारी तो घाणा बंद ठेवत राहिले, इतका नेम की लोकांनी नावच पाडलं शनिवार तेली. दावीद रहाबी येऊन त्यांना पुन्हा शिकवायला लागले तोवर शेमा या मुख्य प्रार्थनेची सुरुवात, आठव्या दिवशीची सुंता, खवल्यांचे मासे आणि शनिवार एवढं घरांनीच सांभाळलं होतं. पहिलं सिनेगॉग, मुंबईचं शाआर हाराहामीम, १७९६ चं. त्याच्या आधीचा सगळा काळ घरात निघाला. मग आज टू बीएचकेमध्ये मोबाईलवर अख्खी तोरा उपलब्ध असताना आपल्याला न जमण्यासारखं काही नाही.

आधी कॅलेंडर लावून घ्या

आपला दिवस संध्याकाळी सुरू होतो, म्हणजे शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताच्या आधीपासून शनिवारी तारे दिसेपर्यंत. दिवा सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी लावायची पद्धत जगभर रूढ आहे. मुंबई-ठाण्याचा सूर्यास्त वर्षभरात साधारण सव्वा तासाने पुढे-मागे होतो, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सहाच्या सुमारास आणि जूनअखेर-जुलैत सात वीसच्या आसपास. त्यामुळे दिव्याची वेळ हिवाळ्यात पावणेसहाच्याही आधी येते आणि पावसाळ्यात जवळजवळ सात. हेबकॅलसारख्या साइटवर शहर टाकलं की प्रत्येक शुक्रवारची नेमकी वेळ मिळते, ती अख्ख्या वर्षाची एकदाच फोनच्या कॅलेंडरमध्ये घेऊन टाका आणि अलार्म दिव्याच्या वेळेला न लावता एक तास आधीचा लावा. पुणे, अलिबाग, मुंबई यांच्यात काही मिनिटांचा फरक पडतो तेव्हा आपलंच शहर निवडलंय ना ते बघा.

त्याच कॅलेंडरमध्ये त्या आठवड्याची पाराशा पण येते. तोराची पाच पुस्तकं ५४ पाराशांमध्ये विभागलेली आहेत आणि वर्षभरात ती वाचून पूर्ण करायची, सिम्हाथ तोरा या सणाला संपवायची आणि लगेच बेरेशीथ या पहिल्या पाराशापासून पुन्हा सुरू करायची. वर्षात इतके मोकळे शनिवार नेहमी मिळत नाहीत म्हणून काही आठवड्यांना दोन पाराशा जोडून वाचतात, ते कॅलेंडर आपोआप दाखवतं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा कारण यावरून घरोघरी गोंधळ होतो. आपल्या प्रत्येकाचे मामा, आत्या, चुलत भावंडं अश्दोद, लोद, दिमोना, बेरशेवाला आहेत. पेसाख सणाचा आठवा दिवस शनिवारी आला की इस्रायलमध्ये सण सात दिवसांचा असल्याने तिथे नेहमीची पुढची पाराशा वाचली जाते आणि आपल्याकडे सणाची, मग पुढे कित्येक आठवडे ते एक पाराशा पुढे असतात. २०२२ मध्ये असंच झालं होतं, जुलैअखेर जाऊन कुठे जुळलं. तेव्हा अश्दोदच्या भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर वेगळी पाराशा पाठवली तर आपली चुकली असं समजू नका, हेबकॅलमध्ये इस्रायल आणि बाहेरचा देश असे दोन वेगळे पर्याय असतात त्यातला बाहेरचा निवडा.

रविवार ते गुरुवार: रोज एक तुकडा

शनिवारी सिनेगॉगमध्ये पाराशा सात भागांत वाचतात, सात जणांना तेवावर, म्हणजे वाचनाच्या मंचावर, बोलावतात. हेच सात भाग घरी सात दिवसांना वाटून टाका, रविवारी पहिला, सोमवारी दुसरा असं करत सातवा शनिवारी. एक भाग वाचायला पाच-दहा मिनिटं पुरतात. लोकलमध्ये वाचा, चहा उकळेपर्यंत वाचा. शेमामध्येच लिहिलंय की ही वचनं घरी बसलेला असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना बोलत जा, त्यामुळे ठाणे-सीएसएमटी प्रवासात वाचणं यात कमीपणा काहीच नाही. जुना नियम असा आहे की आठवड्याभरात पाराशा दोनदा मूळ हिब्रूत आणि एकदा भाषांतरात वाचावी. हिब्रू वाचता येत असेल तर जरूर तसं करा, येत नसेल तर आधी मराठीत नीट वाचा आणि प्रत्येक भागाचं पहिलं वचन तरी हिब्रूतून ऐका, हळूहळू कान तयार होतो.

मराठीत वाचायला काय वापरायचं? एकोणिसाव्या शतकात जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी आपल्या प्रार्थनांची पुस्तकं मराठीत आणली, त्यातली काही अजून जुन्या घरांच्या कपाटात असतात, आजीच्या पेटीत शोधा. तोरासाठी मराठी बायबलचा जुना करार चालतो, त्यात पुस्तकांची नावं उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद अशी आहेत. मात्र काही ठिकाणी वचनांचा आकडा एखाद्याने पुढे-मागे होतो, उदाहरणार्थ उत्पत्तीच्या ३२ व्या अध्यायात, तेव्हा आकड्यापेक्षा मजकूर बघून जुळवा. मूळ हिब्रू आणि रशीसारख्या भाष्यकारांचं इंग्रजी भाषांतर सेफारियावर फुकट मिळतं.

आता खरी महत्त्वाची गोष्ट, वाचलं त्याचं करायचं काय. मी सांगते ती पद्धत अगदी साधी आहे. बुधवारपर्यंत त्या पाराशातली अशी एक गोष्ट निवडायची जी याच आठवड्यात आपल्या घरात, हातांनी करता येईल. एकच. "प्रामाणिक राहा" असला मोघम धडा नको, कारण त्याचं शुक्रवारी काय झालं ते कोणीच सांगू शकत नाही. काही उदाहरणं देते म्हणजे लक्षात येईल.

केदोशीम पाराशात, लेवीय १९ मध्ये, लिहिलंय की मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवू नये. त्या आठवड्यात घरात ठरवा की ज्याचे पैसे द्यायचे आहेत त्याचे त्याच दिवशी द्यायचे. प्लंबर, इस्त्रीवाला, दूधवाला, ताईंचा पगार, "सुट्टे नाहीत उद्या या" हे वाक्य त्या आठवड्यात घरातून बंद. त्याच अध्यायात खोटी मापं वापरू नका असंही आहे, ज्यांचं दुकान आहे त्यांनी ते घ्यावं. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर हे प्रसिद्ध वचनही याच अध्यायातलं आहे, पण माझा अनुभव असा की मुलांना मजुरीची गोष्ट पटकन कळते आणि मग प्रीतीचं वचन आपोआप कळतं.

यित्रो पाराशात मोशेचे सासरे येतात आणि बघतात की जावई सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे ऐकत बसलाय, तेव्हा ते सांगतात, तू थकशील आणि लोकही थकतील, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. ज्या घरात शुक्रवारचं सगळं एकट्या बाईवर पडतं त्या घरासाठी ही पाराशा आहे. त्या आठवड्यात कामं लिहून वाटून टाका, मुलाकडे टेबल, नवऱ्याकडे नारळ खवणं आणि भांडी, आजोबांकडे दिव्याची वात. आणि ही वाटणी पुढे कायम ठेवा.

की तेत्से पाराशात नव्या घराच्या गच्चीला कठडा घाल असं सांगितलंय, म्हणजे आपल्या घरातून कोणी पडून त्याचं रक्त आपल्या माथी येऊ नये. त्या आठवड्यात घरातली धोक्याची जागा शोधून दुरुस्त करायची, खिडकीची सैल जाळी, गॅसची जुनी नळी, जिन्यातला गेलेला बल्ब. सोसायटीच्या जिन्यातला बल्ब तुम्ही लावलात तर तोसुद्धा तोराचाच अभ्यास.

अशा रीतीने निवडलेली गोष्ट एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा. पण कागदावर देवाचं नाव हिब्रूत लिहू नका, कारण असा कागद मग कचऱ्यात टाकता येत नाही. जुने फाटके सिद्दुर (प्रार्थनेची पुस्तकं) पण रद्दीत घालू नका, सिनेगॉगमध्ये नेऊन द्या, तिथे ते जपून ठेवतात आणि पुढे दफन करतात.

सोमवारी आणि गुरुवारी सकाळी सिनेगॉगमध्ये पुढच्या शनिवारच्या पाराशाचा सुरुवातीचा भाग वाचतात, पण त्यासाठी मिन्यान म्हणजे दहा प्रौढ पुरुष लागतात आणि आपल्याकडे मधल्या वारी ते जमतीलच असं नाही. जमत असतील तिथे जरूर जा, कारण दहावा माणूस नसला की नऊ जण ताटकळतात. नाहीतर घरी सकाळ-संध्याकाळ शेमा आणि झोपताना मुलांबरोबर पुन्हा एकदा, एवढा नेम आठवडाभर पुरेसा आहे.

गुरुवार: बाजार आणि मनुके

बाजार गुरुवारीच उरका, शुक्रवारवर ढकलू नका. मासे घेताना पर आणि खवले दोन्ही असलेलेच घ्यायचे, पापलेट, रावस, बांगडा चालतो, कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, माकूल, मोरी नाही. मटण-चिकन आपल्या हझानने (प्रार्थना चालवणाऱ्याने) किंवा शोखेतने (नियमाप्रमाणे जनावर कापणाऱ्याने) कापलेलंच. ते कधी मिळेल ते सिनेगॉगमधून आधीच कळवून घ्या आणि नाहीच मिळालं तर मासे किंवा शाकाहारी जेवण करा, आपल्या शब्बाथला माशाची आमटी काही कमी नाही. मांसाबरोबर दूध-दही-तूप चालत नाही आणि कोकणातल्या आपल्या बायकांनी हा प्रश्न नारळाच्या दुधाने कधीच सोडवून ठेवलाय, मटणाच्या रश्श्यापासून गोडाधोडापर्यंत.

किद्दुशसाठी, म्हणजे शब्बाथला पेला हातात घेऊन म्हणायच्या प्रार्थनेसाठी, वाइन मिळत नाही म्हणून कोणी अडून बसू नका. आपल्याकडे काळ्या मनुकांचं सरबत करतात, ते असं करायचं. गुरुवारी रात्री बियांच्या काळ्या मनुका दोन-तीन पाण्याने धुवायच्या, देठ काढायचे, आणि बुडतील त्याच्या थोडं वर येईल इतक्याच पाण्यात भिजत घालायच्या. पाणी जास्त घातलं की रंगही येत नाही आणि चवही, मनुका भरपूर आणि पाणी बेताचं. शुक्रवारी सकाळपर्यंत त्या टम्म फुगतात, मग हाताने कुस्करायच्या, मिक्सर लावला तर बिया दळल्या जाऊन कडवट लागतं म्हणून हातानेच, आणि स्वच्छ मलमलच्या कापडातून पिळून काढायचं. गडद तपकिरी-जांभळं, दाटसर निघतं. काही घरांत हे एक उकळी काढून गार करतात, उन्हाळ्यात तसंच करा नाहीतर संध्याकाळपर्यंत आंबतं. फ्रिजमध्ये बाटलीत ठेवा. किद्दुशचा पेला निदान ८६ मिलीचा असावा आणि भरून घ्यायचा, हब्दालालाही लागेल ते धरून माप काढा.

शुक्रवार

शुक्रवारी नोकरी करणाऱ्यांनी स्वयंपाक गुरुवारी रात्री निम्मा करून ठेवलेला बरा. शब्बाथ लागल्यावर नवीन काही शिजवायचं नाही आणि विस्तव पेटवायचा नाही, म्हणून शनिवार दुपारचं जेवणसुद्धा आधीच तयार पाहिजे. गरम ठेवायला रात्रभर गॅस चालू ठेवू नका, बंद घरात ते जिवाशी येतं. विजेची हॉटप्लेट शुक्रवारी आधीच टायमरवर लावून तिच्यावर शिजलेलं कोरडं अन्न ठेवा. आणि मुंबईच्या हवेत रश्शाचे, नारळाच्या दुधाचे पदार्थ बाहेर ठेवूच नका, सरळ फ्रिजमध्ये ठेवून शनिवारी गारच खा, नाहीतर शनिवारसाठी कोशिंबीर, तळलेले मासे, चपात्या असा न गरम करता चालणारा बेत ठेवा. फ्रिजचा आतला दिवा शुक्रवारीच काढून ठेवायचा, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

मुलांना आंघोळ, स्वच्छ कपडे, टेबलावर पांढरी चादर, दोन पाव किंवा हल्ला (शब्बाथचा खास पाव) किंवा दोन अख्ख्या चपात्या, त्यावर कापड. दोन कशासाठी ते मुलांना बेशल्लाख पाराशातून दाखवा, निर्गमचा १६ वा अध्याय, रानात मान्ना (आकाशातून पडणारं अन्न) रोज एका दिवसापुरता पडायचा आणि शुक्रवारी दुप्पट, म्हणून शनिवारी गोळा करायला बाहेर जायचं नाही. हा अध्याय मी दर वर्षी मुलांना सावकाश वाचून दाखवते कारण त्यात शब्बाथ कायद्याच्या आधी जेवणातून शिकवलाय. काही लोक तरीही शनिवारी टोपल्या घेऊन निघाले आणि त्यांना काही सापडलं नाही, हे मुलांना फार आवडतं, आणि दुकान शनिवारी चालू ठेवण्याबद्दल मोठ्यांशी बोलायलाही तिथूनच सुरुवात होते.

दिवा. मेणबत्त्या चालतातच, पण घरात काचेचा जुना पेला असेल तर तेलाची वात लावा. खाली तीन बोटं पाणी, त्यावर तेल ओतायचं, आपल्याकडे खोबरेल वापरायची पद्धत, तेल वर तरंगतं आणि वात बुडाशी पोचली की पाण्याला लागून विझते, त्यामुळे काच तडकायची भीती कमी. हिवाळ्यात खोबरेल थिजतं, तेव्हा आधी कोमट करून घ्या. तेल जेवण संपेपर्यंत टिकेल इतकं तरी असावं. पेला पडद्यापासून आणि पंख्याच्या वाऱ्यापासून लांब ठेवा, कारण एकदा लावल्यावर तो उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही.

दिवा लावायच्या आधी सेदाकाच्या (दानाच्या) डब्यात मुलांच्या हातून पैसे टाकायचे. मग घरातली बाई बेराखा (आशीर्वचन) म्हणून दिवा लावते, आजीने जशी शिकवली तशीच म्हणा, आधी बेराखा की आधी ज्योत यात घराघरांत फरक आहे त्यावर वाद घालत बसू नका. बाई घरात नसेल तर पुरुषाने लावायचा. फोन याच्या आधी बंद करून कपाटात.

पुढचा क्रम असा. सिनेगॉगला जाणारे काब्बालाथ शब्बाथला (शब्बाथच्या स्वागताच्या प्रार्थनेला) जातात, घरी असाल तर लेखा दोदी घरी म्हणा, १६ व्या शतकात इस्रायलमधल्या सफेद गावच्या श्लोमो अल्काबेत्सनी रचलेलं हे गीत आपले लोकही चालीवर म्हणतात आणि शेवटच्या कडव्याला दाराकडे वळतात. मग शालोम अलेखेम हे गीत, मग नीतिसूत्रांच्या ३१ व्या अध्यायातलं एशेत हायिल (गुणी बाईची स्तुती), २२ वचनं, हिब्रूच्या २२ अक्षरांप्रमाणे. हे नवऱ्याने म्हणायचं, हिब्रू येत नसेल तर मराठीत, पण म्हणायचं, आठवडाभर घर चालवणाऱ्या बाईला लोकांसमोर शाबासकी मिळते ती हीच वेळ. त्यानंतर मुलांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद, मुलाला एफ्राइम आणि मनश्शेसारखा हो, मुलीला सारा, रिवका, राहेल, लेआसारखी हो, आणि मग गणना ६ मधला याजकांचा आशीर्वाद. मुलं वयात आली की डोकं बाजूला घेतात, तरी सोडू नका. भांडण झालेलं असेल त्या शुक्रवारी तर अजिबात सोडू नका.

किद्दुश उभं राहून, भरलेला पेला उजव्या हातात. मग हात धुणे, हामोत्सी (भाकरीची बेराखा), भाकर मिठाला लावून सगळ्यांना तुकडे. आणि जेवताना तो फ्रिजवरचा कागद काढायचा, म्हणजे आधीच टेबलाजवळ आणून ठेवायचा, आणि प्रत्येकाने एक वाक्य सांगायचं, त्या आठवड्याच्या गोष्टीचं काय केलं. लेक्चर नको. लहान मुलाने सांगितलं की मी वॉचमन काकांना पाणी दिलं तर तेवढं पुरे. आजी-आजोबांना सगळ्यात शेवटी बोलू द्या, ते पाराशावरून कोकणातल्या गोष्टींवर जातात आणि त्या गोष्टी नंतर सांगणारं कोणी उरत नाही.

शनिवार सकाळ

जवळ सिनेगॉग असेल तर जायचंच. ठाण्याचं शाआर हाशामाइम १८७९ पासून आहे, अलिबागला इस्रायल आळीत मागेन आवोथ, पुण्यात रास्ता पेठेत सुक्काथ श्लोमो, मुंबईत जेकब सर्कलला तिफेरेथ इस्रायल. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी सिद्दुरमध्ये कुठलं पान चालू आहे ते शेजाऱ्याला बिनधास्त विचारावं, हझानचा वेग सुरुवातीला सगळ्यांनाच जास्त वाटतो. हेखाल (कपाट) उघडून सेफेर तोरा (तोराची गुंडाळी) काढतात तेव्हा सगळे उभे राहतात, मग सात जण पाळीपाळीने वर जातात, शेवटी हफ्तारा म्हणजे नेविईममधला (संदेष्ट्यांच्या पुस्तकांतला) त्या पाराशाला जुळणारा भाग. तुम्ही आठवडाभर वाचलेलं असेल तर इथे फरक कळतो, अनोळखी हिब्रूच्या ओघात मधेच अव्राहाम, याकोव, मिर्याम अशी नावं ऐकू आली की कथा कुठवर आलीय ते समजतं.

हझान किंवा वडीलधारे हात पुढे करतात तेव्हा दोन्ही हातांनी त्यांचे हात हलके धरून सोडायचे आणि आपली बोटं ओठांना लावायची, याला हातबोशी म्हणतात. लहान मुलांना हे शिकवा, एकेक हात पुढे जात अख्ख्या सिनेगॉगमध्ये फिरतो आणि त्यातून कोणी सुटत नाही, नव्याने आलेलाही नाही, ज्याच्याशी बोलणं बंद आहे तोही नाही.

सिनेगॉग लांब असेल किंवा मिन्यान नसेल तर घरी प्रार्थना पूर्ण म्हणता येते, फक्त कादीश, बारेखू, केदुशा या प्रार्थना आणि सेफेर तोराचं वाचन हे दहा जणांशिवाय होत नाही. ते गाळा, बाकीचं म्हणा आणि पाराशाचा सातवा भाग मराठीत मोठ्याने वाचा.

ज्यांना शनिवारी ऑफिस, कॉलेज, परीक्षा असते त्यांचा प्रश्न खरा आहे. नोकरी लागतानाच सांगून टाका, नंतर सांगितलं की सवलत मागितल्यासारखं होतं. त्याऐवजी रविवारी काम करायची तयारी दाखवा. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिलाय, कॉलेजला परीक्षेची तारीख बदलून मागायचा अर्ज करताना त्याचा उल्लेख करायला हरकत नाही आणि सोबत सिनेगॉगचं पत्र जोडा. अर्ज महिनाभर आधी करा. आणि एवढं करून नाहीच जमलं तर शुक्रवारची रात्र आणि शनिवारची संध्याकाळ तरी सोडू नका, सगळं नाही म्हणून काहीच नाही असं करू नका.

दुपार

दुपारी जेवण, झोप, चालणं, पत्ते सोडून बैठे खेळ, नातेवाईकांकडे जाणं, चालत जमेल तिथे. पेसाखनंतरच्या शनिवारांना पिर्के आवोथ या जुन्या गुरूंच्या वचनांच्या पुस्तकाचा एक एक अध्याय वाचायची जुनी पद्धत आहे, सहा अध्याय आहेत, ते उन्हाळ्याच्या लांब दुपारी वाचायला उत्तम. त्यातलं एक वचन घ्या आणि त्यावर बोला. बेन झोमा विचारतात श्रीमंत कोण, तर जो आपल्या वाट्यात समाधानी आहे तो. हिलेल सांगतात, दुसऱ्याच्या जागी उभा राहिल्याशिवाय त्याचा न्याय करू नको. राब्बी तार्फोन म्हणतात की काम पूर्ण करणं तुझ्यावर नाही, पण ते सोडून द्यायलाही तू मोकळा नाहीस. कॉलेजातल्या मुलांना तार्फोन जास्त आवडतात असं मी पाहिलंय.

इथे मला एका गोष्टीवर थांबायचंय. दहा आज्ञांमध्ये शब्बाथची जी आज्ञा आहे ती फक्त घरच्यांपुरती नाही, त्यात मुलगा, मुलगी, नोकर, दासी, जनावर आणि आपल्या वेशीत राहणारा परका असे सगळे आहेत. आपल्या शनिवार तेल्यांचा घाणा बंद म्हणजे घाण्याचा बैलही त्या दिवशी मोकळा. आज बैल नाही, पण घरी येणाऱ्या ताई आहेत, ड्रायव्हर आहे, दहा मिनिटांत सामान आणणारा मुलगा आहे. आपण स्वतः दिवा लावत नाही म्हणून ताईंना लावायला सांगणं, आपण भांडी घासत नाही म्हणून त्यांच्यासाठी सिंक भरून ठेवणं, हे मला पटत नाही आणि आपल्यासाठी काम कर असं दुसऱ्या धर्माच्या माणसाला सांगणं हलाखाप्रमाणेही (धर्माच्या कायद्याप्रमाणे) साधारणपणे चालत नाही. शनिवारी ताईंना पगारी सुट्टी द्या, भांडी हब्दालानंतर घरातल्यांनी घासा. हे सुरू केलं ना की शेजारीपाजारीही विचारतात की हे काय, आणि तेव्हा सांगायला आपल्याकडे चांगलं उत्तर असतं.

हब्दाला आणि इस्रायलचा फोन

आकाशात तीन तारे दिसले की शब्बाथ संपतो, पावसाळ्यात तारे कुठले दिसायला, तेव्हा कॅलेंडरची वेळ घ्या किंवा सूर्यास्तानंतर पाऊण तास थांबा. हब्दालाला चार गोष्टी लागतात. पेला, यावेळी अगदी काठोकाठ. सुवासाची वस्तू, लवंग, दालचिनी, वेलची काहीही, सब्जाची ताजी पानं मिळाली तर सुंदरच. निदान दोन वातींची ज्योत, खास मेणबत्ती नसेल तर दोन साध्या मेणबत्त्यांच्या ज्योती एकत्र धरा, मुलांनी बोटं वाकवून नखांवर उजेड पाहायचा. आणि शेवटची बेराखा, पवित्र आणि रोजच्यातला भेद करणाऱ्या देवाची. मग थोड्या सरबतात ज्योत विझवतात.

यानंतर एलियाहू हान्नाबी, म्हणजे एलियाहू संदेष्ट्याचं गीत, म्हणायचं. जगभरचे ज्यू शब्बाथ संपताना हे म्हणतात, पण आपल्या लोकांचं एलियाहूशी नातं वेगळंच आहे, अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्यांच्या रथाची खूण असलेला खडक दाखवतात आणि नवस फेडायला मलिद्याचं ताट ठेवतात, भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, सुकामेवा आणि फळं. घरात परीक्षा पास झाली, नोकरी लागली, आजारातून कोणी उठलं तर मलिदा शनिवारी रात्री हब्दालानंतर ठेवता येतो, त्यासाठी शब्बाथच्या आत पोहे भिजवू नका, नंतर भिजवायला दहा मिनिटं पुरतात.

आणि आता तो फोन. आपल्याकडे हब्दाला झाली म्हणून लगेच इस्रायलला फोन लावू नका. ते हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास आणि उन्हाळ्यात अडीच तास मागे असतात, त्यांच्याकडे तेव्हा भर शब्बाथची दुपार असते आणि शब्बाथ पाळणाऱ्या घरात फोन वाजला की बिचारे दचकतात की भारतात काही वाईट घडलं की काय. हिवाळ्यात आपल्या रात्री नऊनंतर, उन्हाळ्यात अकरानंतर करा, किंवा सरळ शुक्रवारी दुपारी, दिव्याच्या आधी, दोन्हीकडे चालेल अशा वेळी. म्हाताऱ्या मावशीला फोन करून शब्बाथ शालोम म्हणायचं काम घरातल्या एका मुलाकडे कायमचं द्या.

भांडी घासून झाली की फ्रिजवरचा जुना कागद काढून नवा लावा आणि त्यावर फक्त पुढच्या पाराशाचं नाव लिहा, बाकीची जागा बुधवारसाठी कोरी ठेवा.